साखर वाढलेल्या गरोदरपणात
वारेतून स्रवणारी संप्रेरकं आईच्या शरीरात इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. वार वाढते तसा हा अडथळाही वाढतो. म्हणूनच आधी मधुमेह नसलेल्या बाईचीही साखर सहाव्या-सातव्या महिन्यात चढू शकते. ‘पेढे खाल्लेस, म्हणून झालं’ हे तिला ऐकवणं आता थांबायला हवं.

तपासणी सोपी आहे. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी भारतात रुजवलेल्या पद्धतीत उपाशी राहावं लागत नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. साखर 140 किंवा जास्त आली, की उपचार सुरू. सरकारी सूचनांनुसार ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांदरम्यान व्हायला हवी.

मग भाकरी, उसळ, भाजी थोडी थोडी, पण वेळेवर. उपास अजिबात नको. जेवणानंतर दोन तासांनी साखर 120च्या आत हवी. इन्सुलिन लागलं तरी घाबरू नये, ते वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही.

दिवस भरत आले की थकवा येतोच. पण प्रत्येक त्रास ‘असं होतंच’ म्हणून सोडू नये. इन्सुलिन घेणारीला थरथर, दरदरून घाम सुटला, तर साखर उतरलेली असू शकते: लगेच तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून द्यावं. तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणं, पोटात वरच्या बाजूला कळ, चेहऱ्यावर सूज ही रक्तदाब वाढल्याची लक्षणं असू शकतात, आणि या मधुमेहात तो धोका अधिक असतो. अशा वेळी किंवा बाळाची हालचाल मंदावली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी साखर पुन्हा तपासून घ्याच.