ओबीडीची डबी

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की हल्ली मेकॅनिक आधी बॉनेट उघडत नाही, स्टिअरिंगखाली हात घालतो. तिथे ओबीडी-२चं (ऑन-बोर्ड डायग्नॉस्टिक्स, म्हणजे गाडीची स्वतःची तपासणी यंत्रणा) सोळा पिनांचं सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून ते सक्तीचं झालं, ते धुरावर लक्ष ठेवायला. गाडीमालकाची सोय कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. आपल्याकडे ओबीडी-२ची सक्ती २०१३ची.

मालकाची सोय केली ती एल्म इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कॅनेडियन कंपनीने. एकेका कंपनीची गाडी वेगळ्या प्रोटोकॉलने बोलायची. एल्मची ‘ईएलएम३२७’ चिप ते सगळं साध्या अक्षर-आकड्यांत आणून देई. पहिल्या आवृत्तीला कॉपीपासून संरक्षणच नव्हतं. मग काय, नकलांचा पूर आला. त्यातल्या कित्येकींवर ‘१.५’ छापलेलं असतं, आणि एल्मने १.५ आवृत्ती कधी काढलीच नव्हती! कंपनी २०२२मध्ये बंद झाली, नकला मात्र जोरात खपताहेत.

अशी चिप असलेली डबी त्या सॉकेटमध्ये खोचायची, मोबाइलशी ब्लूटूथने जोडायची आणि इंजिनाचे फेरे कळायला ‘०१०सी’ विचारायचं. ‘४१ ०सी ०सी ८०’ असं उत्तर आलं, तर शेवटच्या दोन जोड्या हेक्साडेसिमल (सोळाच्या पटीतल्या) आकड्यांत म्हणजे ३२००; त्याला चारने भागा. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेतंय. हा हिशेब अ‍ॅप करतंच, पण एकदा स्वतः करून बघण्यात गंमत आहे.

खरी गफलत बिघाडाचे कोड वाचताना होते. ‘पी०१७१’ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त, एवढंच. त्यावर थेट ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगणारे महाभाग कमी नाहीत. अशा वेळी अ‍ॅपमध्ये फ्युएल ट्रिम (इंजिनाचा संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा) बघावा. आयडलिंगला तो अधिक वीस टक्के आणि अडीच हजार आरपीएमला शून्याजवळ येत असेल, तर बहुधा कुठलातरी व्हॅक्युम पाइप चिरलाय. उलट लोड वाढेल तसा ट्रिम चढत गेला, तर फ्युएल पंप नाहीतर फिल्टरकडे वळावं. वायरिंगचा संशय असेल तर मल्टिमीटरला पर्याय नाही.

आणि कोड पुसायची घाई नको. बिघाडाच्या क्षणी ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, टिपून ठेवलेलं तापमान, वेग, लोड, सगळं त्याबरोबर जातं. एअरबॅग-एबीएसचे कोड स्वस्त डबीला सहसा दिसत नाहीत, ती अपेक्षाही ठेवू नये. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर डबी काढून ठेवावी. चावी बंद असली तरी सोळाव्या पिनेत बॅटरीचा करंट असतोच.