गोठ्याशेजारची अर्धी गाडी

आमच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार वर्षे एक अर्धी गाडी उभी होती. गाडी कसली, लोखंडी नळ्यांचा सांगाडा, मागे जुन्या रिक्षाचे इंजिन आणि वर एक फाटकी सीट. त्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. थोरल्या भावाने ती गाडी करायला घेतली होती. तो गेला आणि वेल्डिंगची काळी काच खिळ्यालाच लटकत राहिली. यंदा कापसाची शेवटची वेचणी झाली तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, बाबांची गाडी पुरी करू." वहिनी काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो कोंबडी हुसकावलेली आणि शेड झाडलेली.

घरी गाडी करण्याचे वेड काही आमच्या शहादे तालुक्यातच निघाले असे नाही. विलायतेत लोटस कंपनीची 'सेव्हन' ही गाडी १९५७ पासून सुट्या भागांतही मिळे. ती घरी जोडली की तयार गाडीवरचा खरेदीकर वाचे. आपल्याकडे असा सुट्या भागांचा संच कोण देणार? इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली आपली पहिली छोटी मोटार तयार केली. शिक्षण बेताचे, पण पुढे सुमारे पाव शतक ते तिच्यात सुधारणा करीत राहिले. 'मीरा' हे तिचे नाव. सामान्य माणसाला परवडेल अशी ती मोटार कारखान्यात मात्र कधी निघाली नाही.

अलीकडचे उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून चारचाकी केली, तीही मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले. पण नियमात न बसणारी ही गाडी आज ना उद्या अडवली जाईल, असेही सांगून बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांना मिळाली. ही बातमी पुतण्याला तोंडपाठ. मी म्हटले, "बाबा रे, बोलेरोचे नंतर बघू. आधी सांगाडा माप."

घराचा पाया आखताना गवंडी कर्ण मोजतो ना, तसेच इथे करायचे. समोरासमोरच्या कोपऱ्यांना दोरी लावली. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा दोन बोटे जास्त भरला. म्हणजे सांगाडा तिरका. तशीच चाके बसवली असती तर गाडी एका बाजूला ओढली असती आणि टायर महिन्यात खाल्ले असते. मागचे दोन जोड कापणे भाग होते. पुतण्या कटर हातात घेऊन नुसता उभा. "बाबांचे जोड आहेत, काका." शेवटी मीच कापले. सीटखालचा एक ओबडधोबड जोड मात्र भक्कम होता, तो तसाच ठेवला. त्यावर रंगही मारू दिला नाही पोराने.

खरा धोका पुढे होता. पेट्रोलच्या टाकीला बारीक भोक पडलेले. टाकी तर रिकामी आहे, म्हणून पोरगा वेल्डिंग लावायला निघाला. मी हात धरला. मंडळी, रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट. आत पेट्रोलची वाफ राहते, ठिणगी लागली की बाँबच. टाकी सरळ दुसरी घेतली. ब्रेकचेही तसेच. चार वर्षे पडून रबरी वॉशर कडक झाले होते, ते आणि ब्रेक ऑइल नवे घातले. इंजिन नंतर सुरू केले, ब्रेक आधी तपासले. उतारावर ढकलायची आणि पेडल दाबायचे, असे पंधरा-वीस वेळा.

राहिला प्रश्न रस्त्याचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही. नवा नमुना मंजूर करून घ्यायचा तर पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ही संस्था १९६६ पासूनची. तो खर्च कारखानदाराला पेलतो, आपल्याला नाही. पुतण्याचे तोंड उतरले. त्याला ती शहाद्याच्या बाजारात न्यायची होती, बाबांच्या मित्रांना दाखवायला. दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीच म्हणाल्या, "मित्रांना इकडेच बोलाव की. आणि पपई डोक्यावरून किती दिवस वाहायची?"

मग मागे फळ्यांचा हौदा बसवला. मित्र आले, चहा झाला. मळ्यातून बांधापर्यंत पपईची पहिली खेप निघाली तेव्हा वहिनी त्या जुन्या सीटवर बसल्या होत्या. बांधाच्या फाटकाशी पुतण्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केले, आणि पलीकडे सडकेवर उभ्या असलेल्या टेम्पोत आम्ही सगळ्यांनी मिळून हातोहात पपई भरली.