एका डोळ्याचा दगडी माणूस

साल १३५१. सात वर्षांपूर्वी पात्र सोडून धावलेल्या पीत नदीला पुन्हा वळणावर आणायचं म्हणून चीनच्या युआन दरबाराने दीड लाख मजूर आणि वीस हजार सैनिक कामाला जुंपले होते. खोदता खोदता एक दगडी माणूस निघाला. त्याला डोळा एकच. मजूर हादरले. असा पुतळा नदीतून वर आला की देश बंड करून उठेल, या अर्थाचं गाणं त्या मुलखातल्या पोरांच्या तोंडी आधीपासूनच घोळत होतं.

पुतळा पुरला होता तो हान शानतोंग आणि ल्यू फूतोंग यांच्या माणसांनी. हानचं घराणं श्वेतकमळ पंथातलं. मैत्रेय बुद्ध अवतरणार, असं तो लोकांना सांगत असे. लवकरच तो पकडला गेला आणि मारला गेला, पण डोक्याला लाल फडकी बांधलेल्यांचं बंड थांबलं नाही.

ही नुसती बनवाबनवी म्हणून सोडून देता येणार नाही. पूर, दुष्काळ आणि वेठबिगारी यांनी पिचलेल्या माणसांना ते चिन्ह खरं वाटलं, कारण आकाशाची मर्जी राजावरून उडाली की ती अशीच दिसते, हे त्यांनी पिढ्यान् पिढ्या ऐकलं होतं.

या समजुतीची मुळं फार खोल जातात. इ. स. पूर्व १२०० च्या सुमारास शांग घराण्याचा राजा वू तिंग बैलाच्या खांद्याच्या हाडावर किंवा कासवाच्या पोटाकडच्या कवचावर प्रश्न विचारी. मागून खाचा पाडून तापवलं की तडे जात, आणि ते तडे राजा वाचत असे. राणी फू हाओच्या बाळंतपणाचं एक कवच आजही आहे. अमुक दिवशी झालं तर शुभ, असं राजाने सांगितलं. एकतीस दिवसांनी ती बाळंत झाली, ती भलत्याच दिवशी. शुभ झालं नाही, मुलगी झाली, अशी नोंद त्याच कवचावर कोरलेली आहे. मुलीच्या जन्माची ही नोंद वाचताना आजही मन खट्टू होतं. पण राजाला हवं तसं झालं नाही तेही कोरून ठेवायचं, हा प्रामाणिकपणा थक्क करतो. अशीच हाडं पुढे ‘ड्रॅगनची हाडं’ म्हणून औषधात कुटली जात होती. १८९९ मध्ये त्यांवरची अक्षरं जाणकारांच्या नजरेस आली.

शांगांना हरवणाऱ्या चौ घराण्याने सांगितलं की राज्याचा अधिकार आकाश देतं आणि नालायकाकडून काढूनही घेतं. ही कल्पना दुधारी होती. इ. स. पूर्व २०९ मध्ये छन शंगच्या साथीदारांनी माशाच्या पोटात ‘छन शंग राजा होणार’ असं लिहिलेलं रेशमी कापड घातलं आणि छिन साम्राज्याविरुद्ध पहिला मोठा उठाव झाला. सत्ताधारीही मागे नव्हते. इ. स. ६८८ मध्ये सम्राज्ञी वूच्या पुतण्याने कोरीव शिळा लो नदीत सापडल्याचा देखावा घडवला. दोन वर्षांनी ती स्वतः गादीवर बसली, तेव्हा तिला आधार मिळाला महामेघ सूत्राचा. भारतातून गेलेल्या धर्मक्षेम या भिक्षूने ते चिनी भाषेत आणलं होतं.

आणि चौदाव्या शतकातल्या त्या लाल फडक्यांमध्ये एक अनाथ तरुण होता, चू युआनचांग. १३४४ च्या दुष्काळात आणि साथीत आईवडील व थोरला भाऊ गेल्यावर तो मठात राहिला होता. कोकणातला माणूस देवळात लावतो तसा त्याने कौल लावला. पळून जाऊ? अशुभ. इथेच राहू? तेही अशुभ. बंडात जाऊ? त्याला देवाची हरकत नव्हती. आईवडिलांच्या समाधीवरच्या शिलालेखात हे त्याने स्वतःच सांगितलं आहे.

१३६८ मध्ये तो मिंग घराण्याचा पहिला सम्राट झाला. मग त्याच्याच कायद्याने श्वेतकमळ आणि मैत्रेय या पंथांवर बंदी घातली. म्होरक्यांना शिक्षा होती गळा आवळून मृत्यूची.