माव्यामागून येणारे ढालकिडे

ढालकिडे, म्हणजेच लेडी बर्ड बीटल, हे कॉक्सिनेलिडी कुळातले भुंगेरे. जगात त्यांच्या सुमारे ६,००० जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक शिकारी आहेत. मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि पांढरी माशी हे त्यांचे नेहमीचे खाद्य. ऐरोलीतल्या बाल्कनीत किंवा सोसायटीच्या बागेत जास्वंद, मिरची, गुलाब लावला की बहुधा याच किडी पहिल्यांदा येतात. त्यामुळे शेतातला हा मित्रकीटक कुंडीलाही उपयोगी पडतो.

माव्याच्या मादीला आपल्याकडच्या उबदार हवेत नराची गरज लागत नाही. ती अंडी न घालता थेट पिल्ले देते आणि आठवडा-दहा दिवसांत ती पिल्लेही प्रसवू लागतात. झाडाचा रस शोषून नको असलेली साखर मावा चिकट थेंबांतून बाहेर टाकतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. मुंबई परिसरातल्या मुसळधार पावसात मावा बराचसा धुऊन जातो. दिवाळीनंतर हवा कोरडी आणि जराशी गार झाली की कोवळ्या शेंड्यांवर तो पुन्हा दिसू लागतो. ढालकिडे त्याच्यामागून येतात, आधी कधीच नाही. मधल्या काळात धीर सुटून फवारा मारला, तर मावा आठवडाभरात परत येतो, ढालकिडे मात्र लवकर परतत नाहीत.

आपल्याकडे दोन जाती सर्रास आढळतात. चिलोमेनिस सेक्समॅक्युलेटाच्या पिवळट-नारिंगी पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असतात, तर कॉक्सिनेला ट्रान्सव्हर्सालिसच्या लालभडक पाठीवर काळे आडवे पट्टे. मादी माव्याच्या वस्तीजवळ पिवळी, टोकदार अंडी घोळक्याने उभी चिकटवते. तीन-चार दिवसांत त्यांतून निघणारी अळी आईबापांसारखी अजिबात दिसत नाही. सहा पायांची, काळपट, शेपटीकडे निमुळती होत गेलेली ही अळी म्हणजे चिमुकली सुसरच. हौशी माळी तिलाच कीड समजून चिरडतात. खरे तर खादाड तीच. कोषात जाण्यापूर्वीच्या एक-दोन आठवड्यांत ती शेकडो मावे फस्त करते.

पिठ्या ढेकणाचा खास शत्रू म्हणजे क्रिप्टोलेमस मॉन्ट्रोझिएरी. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी १८९८ साली तो भारतात आणला गेला. त्या किडीपेक्षा पिठ्या ढेकणावरच तो जास्त प्रभावी ठरला आणि पुढे द्राक्षबागांतही सोडला जाऊ लागला. प्रयोगशाळेत तो वाढवतात लाल भोपळ्यावर. आधी भोपळ्यावर पिठ्या ढेकूण पोसायचा आणि मग त्यावर भुंगेरे सोडायचे. त्याची अळी पांढऱ्या मेणचट झुपक्यांनी झाकलेली असते आणि पाहताक्षणी मोठा पिठ्या ढेकूणच वाटते. फरक चालीत आहे: ढेकूण जवळजवळ जागचा हलत नाही, अळी मात्र चपळाईने फिरते.

प्रत्येक ढालकिडा मित्र नसतो. वांग्याच्या पानाचा हिरवा भाग खरवडून नुसती जाळी ठेवणारा हड्डा भुंगेरा याच कुळातला. त्याची पाठ मंद रंगाची आणि बारीक लव असलेली असते, तिच्यावर बऱ्याचदा २८ ठिपके दिसतात; अळी पिवळसर आणि काटेरी. हे दोन्ही वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. उलट इलिस जातीचे छोटे पिवळे भुंगेरे भुरी रोगाची बुरशी खातात. त्यांना हात लावू नये.

विकत आणून सोडण्याची कल्पना मोहक असली तरी बाल्कनीत ती फारशी टिकत नाही. खाद्य संपले की पंख असलेले प्रौढ उडून जातात. सोडायचेच तर अळ्या सोडाव्यात, तेही संध्याकाळी आणि पानांवर किडी असतानाच. परदेशी जाती मागवण्याच्या फंदात तर पडूच नये. हार्मोनिया ॲक्सिरिडिस हा आशियाई ढालकिडा अमेरिका-युरोपात माव्यासाठी सोडला आणि तिथल्या मूळच्या ढालकिड्यांनाच तो भारी पडला.

स्थानिक शत्रूंना वाव दिला तर काय होते, ते महाराष्ट्राने उसात पाहिले आहे. २००२ साली सांगली भागात दिसलेला लोकरी मावा पुढे पश्चिम महाराष्ट्रभर पसरला. तो आटोक्यात आणण्यात मोठा वाटा ढालकिड्यांचा नव्हता. डिफा नावाच्या पतंगाच्या अळीने आणि मायक्रोमस या कीटकाने ते काम केले. हे दोघेही मूळचे इथलेच.

बागेत त्यासाठी फार काही लागत नाही. एका कुंडीत चवळी पेरावी. तिच्यावर काळा मावा हमखास येतो आणि तोच ढालकिड्यांची शिदोरी ठरतो. शेतकरी कपाशीभोवती चवळी-मका लावतात तो याचसाठी. शेपू, कोथिंबीर फुलावर येऊ द्यावी, कारण प्रौढांना पराग आणि मधही लागतो. खाडीकाठच्या मोकळ्या जागांत वाढणारी रुईसुद्धा सरसकट उपटू नये. तिच्यावरच्या पिवळ्या माव्यावर ढालकिडे जगतात.

मुंग्यांचा बंदोबस्त मात्र हवा. गोड थेंबांसाठी त्या माव्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. कुंडीच्या पायांखाली पाण्याची ताटली किंवा खोडाला चिकट पट्टी पुरते. कीड फारच वाढली तर आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग गरज पडल्यास निंबोळी अर्क, तोही अळ्या नसलेल्या फांद्यांवरच. इमिडाक्लोप्रिडसारखी झाडात भिनणारी औषधे टाळावीत. सोसायटीत डासांसाठी धुरीकरण असेल तेव्हा अळ्या असलेल्या कुंड्या तेवढ्यापुरत्या आत घ्याव्यात.

पावसाळ्यातल्या गोगलगायी आणि लिंबाची पाने कुरतडणाऱ्या फुलपाखराच्या अळ्या यांच्यावर ढालकिड्यांचा काहीच उपयोग होत नाही. त्या हातानेच वेचाव्या लागतात.