संगणकातील दप्तराची दुसरी प्रत संथ का होते?

प्राथमिक शाळेच्या दप्तरात जनरल रजिस्टराइतके दीर्घायुषी पुस्तक दुसरे नाही. विद्यार्थी मोठा होऊन गाव सोडतो, शिक्षक बदलून जातात, इमारतही नवी होते. परंतु जन्मतारखेचा अथवा जातीचा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे सर्वांस पुन्हा त्याच जीर्ण पानाकडे यावे लागते. 2023 साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा 1962 साली जिल्हा परिषदा स्थापन होण्यापूर्वीची, क्वचित् मोडी अक्षरांतील रजिस्टरेही कपाटांतून बाहेर काढावी लागली. पाने हाताळताच तुटू लागतात, म्हणून पुष्कळ शाळांनी त्यांची छायाचित्रे घेऊन ती संगणकात ठेवली आहेत. हे योग्यच झाले.

तथापि संगणकातील एकमेव प्रत ही प्रतच नव्हे. ती बाहेरील हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी हे आपण सर्व जाणतो. पण काम सुरू केल्यावर तीन-चार तास लोटतात, पडद्यावरील हिरवी पट्टी जागची हलत नाही, शाळा सुटण्याची वेळ होते, आणि मुख्याध्यापक ‘उद्या पाहू’ म्हणून केबल काढून ठेवतात. तो उद्याचा दिवस पुष्कळदा उगवतच नाही. नागापूरसारख्या औद्योगिक वसाहतीलगतच्या गावी कामगार कुटुंबांची ये-जा सतत चालू असते, तर पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीसाठी कुटुंबे दरवर्षी बाहेर पडतात. अशा ठिकाणी प्रवेशाची नोंद व शाळा सोडल्याचा दाखला यांची गरज कोणत्याही दिवशी पडू शकते. म्हणून या संथपणाचे कारण शोधून काढणे हे दप्तराच्या रक्षणाचेच काम समजावे.

प्रथम त्रैराशिक मांडावे. एका रजिस्टराची 300 पाने व प्रत्येक पानाचे चित्र 4 मेगाबाइट धरल्यास एक रजिस्टर 1,200 मेगाबाइट होते, आणि अशी वीस रजिस्टरे म्हणजे 24,000 मेगाबाइट. जुन्या पद्धतीच्या यूएसबी 2.0 जोडणीतून व्यवहारात सेकंदास सुमारे 30 मेगाबाइट जातात. म्हणजे 24,000 भागिले 30, बरोबर 800 सेकंद. पाव तासाहूनही कमी! (खोक्यावर 480 असा आकडा छापलेला असतो, पण तो मेगाबिटांचा आहे. आठ बिट म्हणजे एक बाइट, हे विसरल्याने विक्रेत्याशी विनाकारण वाद होतात.) मग तेवढ्याच मजकुरास तीन तास लागत असतील, तर वेग सेकंदास जेमतेम सव्वादोन मेगाबाइट पडला. एवढा उतार ‘संगणक जुना आहे’ एवढ्याने समजत नाही. विहिरीवरील मोटर चांगली असूनही पाटाला पाणी कमी येते तेव्हा शेतकरी प्रथम नळी कोठे चेपली आहे हे पाहतो. आपणही नवी डिस्क विकत आणण्यापूर्वी तेच करावे.

त्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. एखादा मोठा चित्रपाठ, सुमारे एक गिगाबाइटचा, बाहेरील डिस्कवर उतरवून घड्याळ लावावे. नंतर तेवढ्याच वजनाचा, पण शेकडो लहान फाइलींचा फोल्डर उतरवावा. मोठी फाइल झरझर गेली आणि लहान फाइली रखडल्या, तर डिस्क व केबल निर्दोष आहेत. प्रत्येक फाइलीमागे नाव, तारीख व जागा यांची स्वतंत्र नोंद करावी लागते, आणि तबकडीच्या डिस्कमध्ये वाचणारा काटा त्यासाठी पुन्हा पुन्हा इकडून तिकडे फिरतो. शंभर मुलांकडून वर्गणी सुट्या नाण्यांत घेण्यासारखेच हे आहे. येथे उपाय असा की, एकेका रजिस्टराची एकेक झिप फाइल करावी व तीच पाठवावी. छायाचित्रे आधीच आकुंचित असल्याने आणखी दाबण्यात वेळ दवडू नये. केवळ एकत्र बांधणे पुरे. वीसही रजिस्टरांचे एकच गाठोडे मात्र करू नये, कारण फॅट-32 पद्धतीने आखलेली डिस्क 4 गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल स्वीकारतच नाही.

अँटिव्हायरसही प्रत्येक लहान फाइल उघडून पाहतो. म्हणून तो बंद करण्याचा मोह होतो, परंतु जी डिस्क तालुक्याच्या गावी चार ठिकाणच्या संगणकांस लावलेली असते तिच्या बाबतीत हा मोह टाळावा. संपूर्ण तपासणीची वेळ निराळी ठेवावी, एवढे पुरेसे आहे.

मोठी फाइलही रखडत असेल, तर मधले हब काढून डिस्क थेट संगणकाच्या मागील खाचेत लावावी. निळ्या रंगाची खाच असल्यास ती बहुधा वेगवान यूएसबी 3.0 ची असते. मग केबल बदलून पाहावी. केबल हा स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित भाग होय; ती सदोष असल्यास जोडणी खालच्या दरावर येऊन काम कित्येक पटींनी लांबते. त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि कोणती डिस्क शंभर टक्के गुंतली आहे ते पाहावे. ती संगणकातील स्वतःचीच असेल, तर बाहेरील डिस्क निरपराध आहे.

आरंभी वेग उत्तम व काही वेळाने मंद, असे पेनड्राइव्हमध्ये आणि काही स्वस्त हार्ड डिस्कमध्ये घडते. त्यांची लिहिण्याची जलद जागा थोडी असते. ती भरली की खरा वेग उघड होतो. हा दोष नव्हे. दुपारच्या भोजनापूर्वी काम लावून द्यावे.

परंतु वेग मधूनमधून शून्यावर येत असेल, डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, अथवा काही ठराविक फाइलींपाशीच काम अडत असेल, तर डिस्क मरणपंथास लागली असे समजावे. डिस्क खराब झालेल्या जागा पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करीत असते, आणि तोच बाहेरून संथपणा म्हणून दिसतो. अशा डिस्कवर दुरुस्तीचा आदेश प्रथम चालवू नये; त्या श्रमाने उरलेलेही जाऊ शकते. चित्रपाठ, समारंभांची छायाचित्रे, परिपत्रके हे सर्व बाजूस ठेवून आधी जनरल रजिस्टर, मग दाखल्यांच्या स्थळप्रती, मग निकालपत्रके या क्रमाने दुसऱ्या चांगल्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. अडणारी फाइल सोडून पुढे जावे. तिच्याकडे शेवटी वळावे. कागदी पान शाबूत असेल तर त्याचे छायाचित्र पुन्हा घेणे अधिक सोपे.

एकदा संपूर्ण प्रत झाली की पुढे प्रत्येक वेळी सारे उतरवण्याचे कारण नाही. विंडोजमधील फाइल हिस्टरी केवळ नवे व बदललेले तेवढेच घेते, आणि मासिक काम काही मिनिटांत आटोपते. शेवटी दोन्हीकडील फाइलींची संख्या जुळवावी, चार-पाच पाने प्रत्यक्ष उघडून अक्षर वाचता येते का ते पाहावे, डिस्क ‘सुरक्षितपणे काढा’ या आदेशानेच सोडवावी, आणि संगणकाच्या कपाटात न ठेवता केंद्रशाळेत किंवा अन्यत्र कुलुपात ठेवावी. डिस्कवर चिठ्ठी चिकटवून शेवटच्या प्रतीचा दिनांक व लागलेला वेळ लिहावा. पुढील खेपेस तोच वेळ दुप्पट झाला, तर तपासणी वरील मोठ्या फाइलीच्या प्रयोगापासून सुरू करावी.