छोट्या व्यवसायांतील कार्यानुभव : भातकुलीच्या संदर्भात एक विवेचन

काम करणे आणि कामातून शिकणे या दोन भिन्न गोष्टी होत. शालेय विद्यार्थ्यांना काही काळ स्थानिक कारागिराच्या सान्निध्यात ठेवावे, ही कल्पना आज पुन्हा पुढे आली असता हा भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

या कल्पनेचा इतिहास अमरावतीच्या शेजारच्याच जिल्ह्यात घडला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगाला शाळेच्या दिनक्रमात रोज ३ तास २० मिनिटे दिली. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा, या अपेक्षेवर तेव्हाच आक्षेप आला : शाळेचा कारखाना होईल. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ ही संज्ञा रूढ केली आणि त्याचे क्षेत्र शाळेबाहेर शेत, कर्मशाळा व कारखाना येथवर विस्तारले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी सुतार, माळी, कुंभार इत्यादींच्या सहवासात दहा दिवसांचा दप्तराविना काळ सुचविला आहे.

भातकुलीसारख्या तालुक्याच्या गावी अशी स्थळे कोणती? पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात हा तालुका मोडतो. भूजल खारे असल्याने ओलिताला मर्यादा पडते व येथील व्यवहार मुख्यतः पावसाळी पिकांच्या चक्राबरोबर फिरतो. शेतीची अवजारे दुरुस्त करणारा लोहार, वेल्डिंगचे दुकान, शिंपी, सुतार, कृषिसेवा केंद्र ही अशा गावातील शिक्षणस्थळे होत.

अशा लहान व्यवसायाचे शैक्षणिक मूल्य त्याच्या लहानपणातच आहे. मोठ्या कारखान्यात विद्यार्थ्याच्या दृष्टीस एकच क्रिया पडते. लोहाराच्या भात्यापाशी मात्र कच्च्या मालापासून गिऱ्हाइकापर्यंतचा सारा व्यवहार दिसतो. वखराची पास तापवून तिला पाणी देताना कारागीर लोखंडाचा रंग पाहून उष्णतेचा अंदाज बांधतो. पोलाद एकाएकी थंड केल्याने कठीण का होते, याचे उत्तर मात्र रसायनशास्त्राच्या तासाला मिळावयास हवे. शिंप्याच्या बेतण्यात भूमिती आहे. आणि हंगामावर फिटणाऱ्या उधारीच्या वहीत व्याजाचे गणित व शेतीचे अर्थशास्त्र दोन्ही सामावलेले आहे.

परंतु हेच लहानपण अडचणीचेही आहे. एकट्याने दुकान चालविणाऱ्याला हंगामाच्या ऐन गर्दीत शिकवावयास सवड नसते. तेव्हा मुलगा झाडलोट करील किंवा चहा आणील, हेच स्वाभाविक. शिकाऊ उमेदवारीच्या १९६१ च्या कायद्याखालील २०१९ च्या सुधारित नियमांनी ३० वा अधिक माणसांच्या आस्थापनांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले व ४ ते २९ माणसांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक ठेवले. दोन-तीन माणसांचे दुकान त्या चौकटीबाहेर राहिले. शिवाय २०१६ च्या दुरुस्तीनंतर, घरच्या व्यवसायासारखे मोजके अपवाद वगळता, चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही व्यवसायात कामास लावता येत नाही, व चौदा ते अठरा वयाच्या किशोरांना धोक्याची कामे वर्ज्य आहेत. सातवीतील मुलगा कारागिराकडे जातो तो पाहावयास, विचारावयास व सरावासाठी काही करून पाहावयास. दुकानाचे उत्पादन वाढवावयास नव्हे. ही रेषा पुसली गेली, तर ज्या कुटुंबाला मुलाच्या मजुरीची गरज आहे, त्याच कुटुंबातील मुलगा आधी शाळेतून सुटेल.

म्हणून निम्मे ओझे शाळेने उचलले पाहिजे. कामापूर्वी काय पाहावयाचे हे ठरविणे. मध्यंतरी शिक्षकाने स्वतः दुकानी जाणे. विद्यार्थ्याकडून रोजची टिपणवही लिहून घेणे. आणि नंतर वर्गात त्या अनुभवाची विषयाशी सांगड घालणे, या चार गोष्टी अपरिहार्य होत. कापूस वेचणीचा वा खरिपाच्या पेरणीचा काळ टाळावा, तसेच कारागिराच्या वेळेचे मोल मानावे, हेही ओघानेच आले.

अभ्यासकांनी या विषयाकडे वळताना किती विद्यार्थी किती दिवस गेले, एवढ्याच मोजणीवर थांबू नये. परत आलेला विद्यार्थी कोणता नवा प्रश्न विचारू लागला, हे टिपणवहीतून पडताळावे. प्रश्न घेऊन परतला तो विद्यार्थी. केवळ थकून परतला तो बिनपगारी हरकाम्या, असेच म्हणावे लागेल.