लोह वजा जाता

मानपूरचा घाट उतरून आग्रा-मुंबई रस्ता निमाडात शिरतो, तिथे डोंगर कापलेल्या जागी काळा कातळ उघडा पडलेला दिसतो. महाराष्ट्राचे पठार ज्या लाव्हाने घडवले, त्याच लाव्हाचा हा माळव्यातला काठ. या बेसाल्टमध्ये लोहाची ऑक्साइडे दहा टक्क्यांहून अधिक असतात. तो झिजून झालेली काळी माती कापसाला आणि गव्हाला उत्तम. पण कुंभाराने इथली माती भाजली की माठ तांबडाच निघतो, कारण तिच्यातले लोह भट्टीत ऑक्सिजनशी जोडले जाऊन आपला रंग दाखवते. आपल्या गावगाड्यात पिकाच्या जमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणत, पण त्या पांढरीतूनही पांढरे भांडे घडत नाही. तसले भांडे आले ते ‘चिनी माती’ हे परके नाव घेऊनच. चिनी सम्राटांच्या पांढऱ्या भांड्यांकडे पाहून बहुतेकांना वाटते की ही नक्षी न काढलेली, साधी भांडी. वस्तुस्थिती उलट आहे. तो पांढरा रंग म्हणजे लोहाशी केलेला काटेकोर हिशेब होता आणि त्याला दरबारात जो मान मिळाला, तो या हिशेबाच्या अवघडपणामुळेच.

मुळात ‘चिनी माती’ ही एक माती नव्हे. जिंगदेझेन या कुंभारनगरीत दोन पदार्थ एकत्र मळत: जवळच्या गाओलिंग डोंगराच्या नावावरून केओलिन म्हटली जाणारी पांढरी माती आणि कुटून वस्त्रगाळ केलेला एक अभ्रकयुक्त दगड. दाँत्रकोल या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने 1712 साली युरोपला कळवले की तिथले कारागीर केओलिनला भांड्याची हाडे आणि दगडाला मांस मानतात. आजचे रसायनशास्त्र या उपमेला दुजोरा देते. साडेपाचशे अंशांच्या आसपास केओलिनच्या स्फटिकातले पाणी निघून जाते, पुढे हजार अंशांवर त्यातून म्युलाइटचे सुईसारखे स्फटिक वाढू लागतात आणि भांड्याला सांगाडा मिळतो. दगडातला अभ्रक वितळून काच होतो, तो छिद्रे बुजवतो. तेराशे अंशांच्या सुमारास भाजलेल्या पातळ भांड्यातून म्हणूनच उजेड आरपार येतो. या मिश्रणात लोह टक्काभर असले तरी लपत नाही. भट्टीत हवा मोकळी खेळली तर हस्तिदंती पिवळट झाक येते, हवा कोंडली तर निळसर. उत्तरेकडची कोळशावर भाजलेली दिंग भांडी पिवळट आणि दक्षिणेतली लाकडाच्या कोंडलेल्या आचेवरची भांडी निळसर दिसतात, ती यामुळे. मिंग सम्राट योंगलेच्या (1402 ते 1424) कारागिरांनी भांड्याच्या अंगात केओलिन वाढवले आणि झिलईतला चुना घटवला. त्यामुळे झिलई नितळ काचेसारखी न होता तिच्यात न विरघळलेले गारेचे कण आणि सूक्ष्म बुडबुडे राहिले. ते प्रकाश विखुरतात. दूध पांढरे दिसते तेही प्रकाश विखुरल्यामुळेच. या छटेला पुढे चिनी रसिकांनी ‘गोड पांढरा’ असे नाव दिले.

जिंगदेझेनच्या राजभट्टीच्या उत्खननात योंगले काळाच्या थरांत सर्वाधिक खापरे सापडली ती पांढऱ्या भांड्यांची. खोट निघालेले भांडे फोडून पुरले जाई, म्हणजे ते बाहेर कोणाच्या हाती पडू नये. निळ्या चित्रकामाखाली एखादा डाग झाकता येतो. पांढऱ्यावर लोहाचा एक कण राहिला तरी काळा ठिपका उमटतो. दरबाराच्या इतिवृत्तात 1406 ची नोंद आहे: भेट आलेली जेडची भांडी योंगलेने परत केली, रोजच्या वापरातली चिनी मातीची भांडीच आपल्याला पुरेशी आहेत असे सांगून. जेड हा चीनमध्ये श्रेष्ठ मानलेला दगड. तरीही माणसाने भट्टीत घडवलेला पांढरा त्याच्या वर ठेवला गेला. या भांड्यांवर नक्षी असलीच तर अशी कोरलेली, की भांडे हातात घेऊन उजेडासमोर धरल्याशिवाय दिसू नये.

यावर पहिला आक्षेप असा की चीनमध्ये पांढरा हा सुतकाचा रंग. राजवैभवाशी त्याचे काय नाते? नाते आहे, आणि ते सुतकातूनच जाते. पुतण्याला हटवून गादीवर आलेल्या योंगलेला आपण कर्तव्यदक्ष पुत्र आहोत हे दाखवणे निकडीचे होते. आईवडिलांच्या स्मरणार्थ त्याने नानजिंगला पांढऱ्या चिनी मातीच्या विटांनी मढवलेला नऊ मजली मनोरा उभारायला घेतला. तो 1431 च्या सुमारास पुरा झाला. पुढे 1530 च्या सुमारास दरबारी पूजाविधींचे रंग ठरले तेव्हा चंद्रवेदीच्या वाट्याला पांढरा आला. एका रंगात शोक आणि पावित्र्य एकत्र नांदणे आपल्यालाही अनोळखी नाही: सरस्वतीचे वस्त्र शुभ्र आणि ‘पांढरे कपाळ’ ही वैधव्याची खूण. मानपूरहून जवळच्या मांडूत, नानजिंगच्या मनोऱ्यानंतर दहाएक वर्षांतच, माळव्याचा सुलतान होशंगशाह याची कबर पांढऱ्या संगमरवरात उभी राहिली. मांडूचा डोंगर काळ्या बेसाल्टचा. पांढरा दगड बाहेरूनच आणावा लागला. स्मरणासाठी दोन्हीकडे जो पांढरा निवडला, तो सहज न मिळणारा होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चीनला माती चांगली मिळाली, एवढ्यावर सगळे संपत नाही का? भूगर्भाचा वाटा नाकारता येत नाही. ग्रॅनाइटसारखे खडक कुजून केओलिन होते. बेसाल्ट कुजून एकतर पाण्याने फुगणारी काळी माती होते, नाहीतर कोकणातला लोहाने लाल झालेला जांभा. पण इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलला केओलिन युगानुयुगे पडून होते. त्याचा अस्सल चिनी मातीसाठी उपयोग करण्याचे पेटंट विल्यम कुकवर्दीने घेतले ते 1768 मध्ये. उणीव मातीची नव्हती, ज्ञानाची आणि श्रमव्यवस्थेची होती. दाँत्रकोलच्या माहितीनुसार एक भांडे सत्तर हातांखालून जात असे. इतका खटाटोप प्रत्येक भांड्यासाठी लागत नाही: आपली लोणच्याची बरणी नावाने चिनी मातीची, पण तिची जाड भिंत उजेडासमोर धरली तर अपारदर्शकच राहते. मीठ आणि आंबटपणा सोसणे एवढेच तिचे काम आणि ते ती चोख करते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात रतन टाटा आणि दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतली चिनी भांडी आहेत. अशी भांडी पाहताना चित्रांवरून नजर काढून बुडाच्या कडेकडे न्यावी, जिथे झिलई संपते आणि अंग उघडे राहते. कित्येक भांड्यांवर तिथे फिकट नारिंगी रेघ दिसते. वजा करूनही उरलेले ते लोह.